कोकणातल्या गावाचा मलेरिया नकाशा: क्यूजीआयएस आणि क्यूफील्डचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. पैसे शून्य, मेहनत भरपूर, आणि माझं मत विचाराल तर कोकणातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने निदान एकदा तरी करून बघावं असं काम.

क्यूजीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर. २००२ पासून जगभरातले लोक मिळून ते बनवतायत, ओपन सोर्स आहे त्यामुळे लायसनचे पैसे नाहीत, विंडोज, लिनक्स, मॅक सगळ्यावर चालतं. क्यूफील्ड हे त्याच्या जोडीचं फोनवरचं अ‍ॅप, कॉम्प्युटरवर तयार केलेला नकाशा फोनमध्ये घ्यायचा, गावात फिरायचं, जागच्या जागी पॉइंट टाकायचा, फोटो जोडायचा, घरी आल्यावर परत कॉम्प्युटरवर. नेट नसलं तरी चालतं आणि आमच्याकडे सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरलं की रेंज जाते, त्यामुळे हे ऑफलाइन चाललं नसतं तर सगळं तिथेच थांबलं असतं.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला. मी ग्राम आरोग्य समितीवर आहे आणि दरवर्षी श्रावण संपता संपता तोच विषय येतो, ताप. नियमाप्रमाणे डोंगराळ भागात एका उपकेंद्राला तीन हजार लोकसंख्या धरतात, आकडा लहान वाटतो पण कोकणात तीन हजार माणसं म्हणजे किती वाड्या आणि किती पाखाड्यांची चढउतार ते इथल्या माणसालाच माहीत. गप्पी मासे सोडायचे, टेमिफॉस हे अळी मारायचं औषध टाकायचं, तापाच्या माणसाच्या रक्ताची स्लाइड घ्यायची, सगळं एका आरोग्य सेवकाने आणि आशाताईंनी. मग त्यांनी पहिल्यांदा जायचं कुठे? या एका प्रश्नाचं उत्तर नकाशाने दिलं तर नकाशा कामाचा. मी हा सगळा रिव्ह्यू याच कसोटीवर लिहितेय.

आता तुम्ही म्हणाल मलेरियाचे नकाशे तर इंटरनेटवर तयार मिळतात. मिळतात, मलेरिया अ‍ॅटलस प्रोजेक्ट २००५ पासून हे काम करतंय आणि देशादेशातला फरक बघायला ते खरंच उत्तम आहे. पण त्यातला एक चौकोन साधारण पाच किलोमीटर बाय पाच किलोमीटरचा. म्हणजे आमचं अख्खं गाव, पलीकडचं गाव आणि मधली खाडी सगळं एकाच रंगात. आरोग्य सेवकाला तो नकाशा दाखवून काय सांगणार, गावात धोका आहे? ते त्याला आधीच माहीत आहे.

मग यूट्यूब. तिथल्या बहुतेक ट्युटोरियलमध्ये एकच कृती दिसते, तापमानाचा लेयर (नकाशाचा एक थर) घ्या, पावसाचा घ्या, उंचीचा घ्या, पाण्यापासूनचं अंतर घ्या, प्रत्येकाला वजन द्या, बेरीज करा, लाल-पिवळा-हिरवा नकाशा तयार. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये हे पटकन होतं आणि दिसायला एकदम भारी दिसतं. पण कोकणातल्या एका तालुक्यापुरतं बघाल तर तापमान किनाऱ्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत डासाला मानवेल असंच, पाऊस सगळीकडे धो धो, दमटपणा तर विचारूच नका. जे सगळीकडे सारखं आहे ते नकाशात घालून फरक कसा कळणार? राजस्थानात पावसाचा लेयर काहीतरी सांगेल, हिमाचलात उंचीचा सांगेल, आमच्याकडे दोन्ही गप्प. आणि पाण्यापासूनच्या अंतराचा लेयर तर आमच्याकडे सरळ चुकीचं सांगतो, कारण नकाशावर सगळ्यात मोठं पाणी म्हणजे खाडी, त्यामुळे खाडीकाठच्या वाड्या लालभडक. खाडीचं पाणी खारं, भरती-ओहोटीने दिवसरात्र हलणारं. ग्रामीण भागातला मलेरियाचा मुख्य डास अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसीस, त्याला लागतं ते मुख्यतः गोडं, स्वच्छ आणि थांबलेलं पाणी.

म्हणजे आमच्या भागात फरक पडतो तो दोन गोष्टींनी, असं पाणी कुठे थांबतं आणि त्याच्या जवळ रात्री कोण झोपतं.

पाणी थांबतं ते आधी चिरेखाणीत. जांभा काढून झाला की खाण तशीच सोडतात, तळ सपाट, बाजू उभ्या कापलेल्या, पावसाळ्यात भरते आणि काही खाणींत दिवाळीनंतरही पाणी असतं. आता बघा, उतारावरचं पाणी कुठे साठेल हे काढायला सगळे जी उंचीची फुकट फाइल वापरतात, एसआरटीएम, ती फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलमधून रडारने मोजलेली आहे आणि तिचा एक ठिपका तीस मीटरचा. त्यानंतर खोदलेली एकही खाण त्यात नाही, हायवे चौपदरी करताना कापलेले डोंगर नाहीत, भरावाच्या मागे तुंबलेली डबकी नाहीत. हा दोष क्यूजीआयएसचा नाही, पण ज्याला हे माहीत नाही तो त्या नकाशावर डोळे झाकून विश्वास ठेवेल म्हणून मुद्दाम सांगतेय.

खाणी नीट सापडतात त्या सेंटिनेल-२ वर. हा युरोपियन स्पेस एजन्सीचा उपग्रह, चित्रं फुकट, ठिपका दहा मीटरचा, आणि जोडीतल्या दोघांचं मिळून दर पाच दिवसांनी नवीन चित्र येतं. त्यातले हिरवा आणि जवळचा इन्फ्रारेड हे दोन बँड घेऊन एनडीडब्ल्यूआय नावाचा निर्देशांक काढला की पाणी वेगळं उठून दिसतं. फक्त एक मोठी अडचण, जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाशच मोकळं नसतं आणि हा उपग्रह ढगाखालचं बघू शकत नाही, म्हणजे ऐन गरजेचे चार महिने आंधळे. सेंटिनेल-१ रडारचा आहे, तो ढगांतून बघतो, पण लहान खाणीतलं पाणी आणि शेजारचा सपाट कातळ त्यात वेगळा करणं फार कठीण. सगळ्यात उपयोगी पडली ती साधी पद्धत, ऑक्टोबरमधलं पहिलं स्वच्छ चित्र आणि मार्चमधलं चित्र शेजारी शेजारी ठेवायचं. ऑक्टोबरात पाणी आणि मार्चमध्ये कोरडं ती पावसाळी खाण, दोन्हीत पाणी ती बारमाही. खाण कधी उघडली हे बघायचं असेल तर गुगल अर्थ प्रोमध्ये जुन्या चित्रांची पट्टी सरकवून बघता येतं, ते सुद्धा २०१५ पासून फुकट आहे.

पण झाडाखालची विहीर कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. आणि आपल्या विहिरी असतात माडा-पोफळीच्या आगरात, कलमांच्या सावलीत, बाव झाकलेली तर सोडाच, उघडी सुद्धा वरून दिसत नाही. अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी हा मलेरियाचा दुसरा मोठा डास विहिरीत, टाकीत, सिमेंटच्या हौदात अंडी घालतो, मुंबईतल्या मलेरियावर डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये जो रिपोर्ट दिला त्यात विहिरींवरच बोट ठेवलं होतं. म्हणजे विहिरी नकाशात नसतील तर नकाशा अर्धा. आंबा बागांतले फवारणीसाठी पाणी साठवायचे हौद, घराच्या बांधकामाला भरून ठेवलेली टाकी, हे सगळं चालतच गोळा करायला लागतं.

इथे क्यूफील्ड फार आवडलं. फॉर्म आपण आपल्या भाषेत बनवायचा, पाण्याचा प्रकार म्हणून यादी येते, विहीर, हौद, चिरेखाण, व्हाळातली कोंड (डोह), मळा, शेततळं, बांधकामाची टाकी, एकावर बोट ठेवलं की झालं. पुढे पाणी आहे का, अळी दिसली का, गप्पी आहेत का, तारीख, फोटो. आशाताईंनी एका फेरीत शिकून घेतलं, टायपिंग जवळजवळ नाहीच. अळी ओळखायची खूण सुद्धा फॉर्ममध्ये लिहून ठेवा, अ‍ॅनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी तरंगते, बाकीच्या डासांच्या अळ्या तिरक्या लटकतात. ही खूण महत्त्वाची आहे कारण डबक्यात अळी दिसली म्हणजे मलेरिया असं नसतं. होड्यांवरचे जुने टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या, करवंट्या यांत मिळतो तो बहुतेक डेंग्यूचा एडिस, तो दिवसा चावतो, त्याचा नकाशा वेगळा करायला लागतो. दोन्ही एकाच लेयरमध्ये कोंबलं की दोन्ही आजारांचा नकाशा बिघडतो.

तारखेचा रकाना तर सोडूच नका. आषाढात व्हाळ फुल्ल वाहत असतो, अळ्या वाहून जातात, तेव्हा घेतलेला पॉइंट सांगेल की इथे काही धोका नाही. तोच व्हाळ पाऊस ओसरला की कोंडींमध्ये तुटतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

झाडाखाली आणि घळीत फोनचं जीपीएस भरकटतं, अ‍ॅप अचूकता किती मीटरची आहे ते दाखवतं, आकडा खाली येईपर्यंत थोडं थांबायचं, मोकळ्यावर सरकायचं. घाई केली की विहीर शेजारच्या आगरात जाऊन पडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पेशंटची पिन कुठे टाकायची. रजिस्टरमध्ये पत्ता असतो तो आधार कार्डावरचा, नाहीतर जिथे रक्त घेतलं त्या दवाखान्याच्या आसपासचा. आम्ही एकाच माहितीचे दोन नकाशे केले, एक रजिस्टरच्या पत्त्याप्रमाणे आणि दुसरा प्रत्येकाला विचारून, की ताप यायच्या आधी दोन-तीन आठवडे तू रात्री झोपायला कुठे होतास. पहिल्यात पिना बाजारपेठेत आणि दवाखान्याभोवती. दुसऱ्यात बऱ्याचशा पिना सड्यावरच्या चिरेखाणीच्या शेडकडे आणि बागेतल्या मांगरांकडे (राखणीच्या झोपड्यांकडे) सरकल्या, काही मुंबईला गेल्या. माहिती तीच, माणसं तीच, आणि आरोग्य सेवकाने पहिल्यांदा कुठे जायचं याचं उत्तर पूर्ण बदललं.

कारण सोपं आहे. अ‍ॅनोफिलिस चावतो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, आणि चावल्यानंतर, मलेरियाच्या दोन मुख्य जंतूंपैकी फॅल्सिपेरम असेल तर साधारण नऊ ते चौदा दिवसांनी आणि व्हायवॅक्स असेल तर बारा ते सतरा दिवसांनी ताप येतो. म्हणजे ताप आला तेव्हा माणूस कुठे आहे याला अर्थच नाही, त्याच्या आधीच्या रात्रींना अर्थ आहे. व्हायवॅक्स तर यकृतात लपून राहतो आणि महिन्यांनंतर परत उलटतो, म्हणून प्रायमाक्विन या गोळीचा चौदा दिवसांचा कोर्स पुरा करायला सांगतात. अशा उलटलेल्या तापाची पिन आजच्या घरावर टाकली तर नकाशा नसलेला धोका दाखवतो. आम्ही अशा पिना वेगळ्या रंगात ठेवल्या, बाहेरून आलेल्या वेगळ्या, आणि इथे लागण झालेल्या वेगळ्या. गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतात, त्यातल्या कुणाला ताप निघाला तर तो बाहेरचा, पण त्याच्या घरामागे उघडी विहीर असेल तर दोन आठवड्यांनी तो इथला होऊ शकतो, डासाच्या पोटात जंतू तयार व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे बाहेरची पिन पुसायची नाही, तिच्याभोवती काय पाणी आहे ते बघायचं. चीनने २०१२ पासून जी १-३-७ पद्धत चालवली, एका दिवसात केस कळवायची, तीन दिवसांत चौकशी, सात दिवसांत त्या जागेवर कारवाई, ती मला फार पटते, आणि २०२१ मध्ये चीनला मलेरियामुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या चौकशीत हाच प्रश्न असतो, लागण कुठे झाली.

चिरेखाणीचं अजून एक. पावसाळ्यात खाणी बंद असतात, कामगार गावाला जातात आणि पाऊस संपल्यावर परत येतात. म्हणजे खाणीत पाणी भरलेलं, डास तयार, आणि नेमकी तेव्हाच माणसं अर्धवट भिंतींच्या शेडमध्ये बिनमच्छरदाणीची झोपायला येतात. हा योग उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. आम्ही म्हणून रात्री माणसं झोपतात त्या जागांचा वेगळा लेयर केला, शेड, मांगर, हायवेच्या कामाच्या वसाहती, आणि गोठे सुद्धा, क्युलिसिफेसीस गुरांचं रक्त जास्त पितो आणि गोठ्यात विसावतो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. लाल ठिपका शेडवर पडला की लगेच गावात सुरू होतं, हे बाहेरचे लोक ताप आणतात. नेपाळी राखणदार असो नाहीतर कर्नाटकातला खाणकामगार, सगळ्यात जास्त धोक्यात तोच आहे, त्याच्या शेडला दार नाही आणि त्याची पहिली स्लाइड घ्यायला कुणी जात नाही. नकाशा त्याच्यापर्यंत मच्छरदाणी आणि टेस्ट किट लवकर पोचावं म्हणून आहे. आणि पेशंटचं नाव, घर नंबर, फोन असलेला नकाशा ग्रुपवर टाकायचा नाही म्हणजे नाही. ग्रामपंचायतीत लावायच्या प्रिंटवर आम्ही पेशंटच्या पिना ठेवल्याच नाहीत, फक्त पाण्याच्या जागा आणि वाडीवार प्राधान्य.

हीटमॅपबद्दल सावध. क्यूजीआयएसमध्ये एका क्लिकवर हीटमॅप, म्हणजे पिनांची गर्दी रंगाने दाखवणारा नकाशा, येतो, लोकांना तोच जास्त आवडतो, पण तो दाखवतो माणसं कुठे जास्त राहतात किंवा रक्त कुठे जास्त तपासलं. म्हणून सरकारी पद्धतीत एपीआय काढतात, वर्षात हजार लोकसंख्येमागे पॉझिटिव्ह किती, आणि त्याच्या शेजारी किती टक्के लोकांचं रक्त तपासलं तेही बघतात. वाडीवार काढायला गेलात तर दुसरी अडचण, ऐंशी माणसांच्या वाडीत एक पेशंट निघाला की एपीआय १२.५, दोन निघाले की २५, एकदम भयंकर वाटतं आणि पुढच्या वर्षी शून्य. लहान वाड्यांना एका वर्षाच्या आकड्यावरून लाल करू नका, तीन-चार वर्षांची बेरीज घ्या. आणि जिथून एकही स्लाइड आलेली नाही ती वाडी हिरवी रंगवू नका, तिला राखाडी ठेवा, तिथे आधी जायला हवं.

बफरचं, म्हणजे पॉइंटभोवती ठरावीक अंतराचा गोल काढायचं, पण तसंच. डास साधारण एक-दोन किलोमीटरच्या आतच फिरतो, पण प्रत्येक पाण्याभोवती दोन किलोमीटरचा गोल काढलात तर कोकणातलं अख्खं गाव लाल होतं आणि उत्तर मिळत नाही. आम्ही पाचशे मीटर आणि एक किलोमीटर असे दोनच घेतले आणि ज्या गोलात अळी सापडलेलं पाणी, झोपायची उघडी जागा आणि इथली लागण तिन्ही आहेत ते पहिल्या नंबरला. मग जुन्या वर्षांच्या केसेसवरून केलेला नकाशा पुढच्या वर्षाच्या केसेसवर ठेवून बघायचा, नवीन पिना लाल भागात पडतायत का. पडत नसतील तर कशाला किती महत्त्व दिलं ते बदला. ही तपासणी न केलेल्या नकाशावर मी तरी विश्वास ठेवणार नाही, कितीही सुंदर छापलेला असो.

एक स्टार कापला तो शिकायच्या त्रासासाठी. मेनू खूप, शब्द अवघड, आणि काही ठिकाणी नवीन माणूस हमखास अडकतो. मीटरमध्ये बफर हवा असेल तर नकाशा आधी यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत आणायला लागतो, अंशांमध्ये ठेवलात तर पाचशे म्हणजे पाचशे अंश धरलं जातं. माहिती साठवायला शेपफाइल हा जुना फाइल प्रकार वापरू नका, त्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइटची जागा, देवनागरीत तीन अक्षरांत संपते, जिओपॅकेज वापरा. एक्सेलमधून मराठी नावं आणताना सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर वाड्यांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

एवढं नको असेल तर गुगलचं माय मॅप्स सोपं आहे, पिना टाकायला आणि बघायला पुरे, पण हिशोब होत नाही आणि पेशंटची माहिती बाहेरच्या सर्व्हरवर जाते, म्हणून मी ते पाण्याच्या जागांपुरतंच वापरेन. इस्रोचं भुवन २००९ पासून आहे, त्यातले लेयर क्यूजीआयएसमध्ये ओढून घेता येतात, जमीन वापराचा लेयर बघायला चांगला.

लॅपटॉपला आठ जीबी रॅम असली तर आरामात चालतं, फोन साधा अँड्रॉइड पुरतो, पॉवर बँक मात्र हवीच. करणार असाल तर विहिरी, हौद आणि गोठे मे महिन्यातच घेऊन टाका, गणपतीच्या आधी आशाताईंबरोबर अळीची एक फेरी, आणि खाणी ऑक्टोबरात कामगार परत यायच्या आत. आमचा मराठी फॉर्म, पेशंटची कुठलीही माहिती नसलेला, कुणाला हवा असेल तर सांगा, फाइल पाठवते.